माझा अनुभव: किसुमूतली दोन वर्षं

निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. कळव्याला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी केनियाहून आलेलं एक पत्र वाचून दाखवलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू नावाचं शहर आहे. तिथल्या मंडळीला घरोघरी भेटी देण्यासाठी एक अनुभवी बाई हवी होती, दोन वर्षांसाठी. मी 29 वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यामुळे दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. मी खाली पाहत राहिले. पण ते पत्र मनातून जाईना.

ऐरोलीला मुलीकडे गेले आणि तिला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "आई, देवाने खरंच बोलावलंय, की बाबा गेल्यापासून घर खायला उठतं म्हणून निघालीस?"

मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न पुढे दोन वर्षं माझ्याबरोबर राहिला, आणि राहिला ते बरंच झालं असं आता वाटतं.

मी आधी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. नीतिसूत्रांच्या 3ऱ्या अध्यायात आपल्याच बुद्धीवर टेकू नये असं सांगितलंय, ते वचन लहानपणापासून पाठ होतं. पण मला धरून ठेवलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायाने. प्रेषित पौलाला बिथुनिया प्रांतात जायचं होतं, पवित्र आत्म्याने जाऊ दिलं नाही. रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस तिकडे बोलावताना दिसला. एवढं मोठं बोलावणं आल्यावर तिथे पोहोचून झालं काय? शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी नदीकाठी काही बायका जमल्या होत्या, पौल त्यांच्याशी बसून बोलला. त्यातली एक लुदिया, जांभळं कापड विकणारी. माझ्या वाट्याला बायकांशी बसून बोलणं एवढंच काम आलं, तरी ते लहान नाही, हे मला तिथे दिसलं.

मग पाळकसाहेब आणि मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्या बायकांसमोर सगळं मांडलं, एकटेपणासुद्धा. त्यांनी 40 दिवस माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मगच होकार दिला. एकटीला आलेली ओढ चारजणांपुढे ठेवल्याशिवाय तिला देवाचं बोलावणं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. वागळे इस्टेटला जाऊन पासपोर्टचं नूतनीकरण, पोलीस क्लिअरन्स, पीतज्वराची लस. ही लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड परत येतानाही जपावं लागतं, नाहीतर भारतात उतरल्यावर अलग ठेवू शकतात. धर्मकार्यासाठीचं वर्क परमिट मात्र चार महिने अडकलं. ओळखीतले म्हणू लागले, देवाची इच्छा नसेल. कागद पटकन झाले म्हणजे देवाने दार उघडलं आणि रखडले म्हणजे बंद केलं, असं मी मानत नाही. आमच्या ठाण्यातच 1321 साली इटलीतल्या तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती, फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती धर्मप्रसारक, येऊन पोहोचले. त्यांना जायचं होतं पुढे, जहाज वाऱ्याने इथे आणलं, आणि इथेच त्यांना मारण्यात आलं. त्या वाऱ्याचा अर्थ मला आजही लावता येत नाही. ते चार महिने मी तिथली स्वाहिली भाषा शिकले. किताबला किताबू, दवेला दावा, पैशाला पेसा, गाडीला गारी. परका देश थोडा जवळ आला.

किसुमूत रोजचा दिवस साधा असायचा. नर्सिंगची तिथली नोंदणी नसल्यामुळे मी उपचार करत नव्हते. भेटी, प्रार्थना, मच्छरदाणी नीट लावली आहे का ते बघणं, आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवणं. सरोवराकाठी मलेरिया फार. माझ्याबरोबर तिथल्या मंडळीतल्या एक वयस्क बाई असायच्या. त्यांना सगळे मामा म्हणत. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, तिकडे मामा म्हणजे आई. त्या माझ्यासाठी खरंच तशा झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात मामांनी वहीत एका घराची वेळ लिहून दिली: सा न्ने. सा म्हणजे तास, न्ने म्हणजे चार. मी दुपारी चारला एकटी गेले. घराला कुलूप. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळचे सात म्हणजे एक, त्या हिशोबाने सा न्ने म्हणजे सकाळचे दहा. परत फिरताना शेजारच्या पत्र्याच्या घरातून मूल कण्हल्याचा आवाज आला. तीन वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली, आई घाबरलेली. बोडाबोडावर, म्हणजे तिथल्या मोटरसायकलवर, दोघींना घेऊन दवाखाना गाठला. बोट टोचून चाचणी केली, वीस मिनिटांत मलेरिया निघाला. तीन दिवसांच्या गोळ्यांनी मुलगी उठून बसली.

संध्याकाळी मी भरल्या डोळ्यांनी मामांना म्हटलं, "देवाने माझी चूक वापरली."

मामा भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "मूल सकाळपासून तापलं होतं. तू दहाला गेली असतीस तर दहालाही आवाज ऐकू आला असता. तू ऐकून थांबलीस, त्याबद्दल देवाचे आभार मान."

तेव्हा ते मला थोडं लागलं. पण त्या दिवसानंतर मी खुणा शोधणं सोडलं. सकाळी प्रार्थनेत एवढंच मागायचे की आज जे समोर येईल त्यापाशी थांबायला शिकव. रात्री वहीत दोन ओळी लिहायचे, काय ठरवलं होतं आणि काय घडलं. कितीतरी दिवस दुसऱ्या ओळीत "कोणी भेटलं नाही" एवढंच आहे. एकदा आतून जोराची ओढ लागून मी दोन मटाटू, म्हणजे तिथल्या मिनीबस, बदलून एका वस्तीत गेले आणि कुणाशीही न बोलता परत आले. ते का घडलं, मला माहीत नाही. मी गेले, याचा पस्तावा नाही.

पस्तावा आहे तो एप्रिलमधल्या एका दुपारचा. तिथल्या लांब पावसाळ्याचे दिवस. वाटेवर एका म्हाताऱ्या आजींचं घर होतं. दारात बसून शेंगा सोलायच्या, मला बघून हात उंचवायच्या. त्या दुपारी दार अर्धं उघडं होतं आणि आजी बाहेर नव्हत्या. आत जा, असं मनात अगदी स्पष्ट आलं. पण पाऊस कोसळत होता, माझी चप्पल चिखलात रुतत होती, आणि पुढच्या घरी वाट बघत होते. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी रस्ता पाण्याखाली. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

मी गेले असते तर आजी वाचल्या असत्या असं नाही, त्यांचं वय झालं होतं. पण त्यांचा हात हातात घेता आला असता. ही गोष्ट मी मामांना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्याबरोबर गुडघे टेकून बसल्या. क्षमा मागितली तेव्हा ती मिळाली असं मला वाटलं, आणि तरी त्या अर्ध्या उघड्या दाराची आठवण येते.

परत आल्यावर मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. घर खायला उठत होतं हे खरं, आणि बोलावणं होतं हेही खरं. देवाने माझ्यातला एकटेपणा आधी पुसून मग मला पाठवलं नाही, त्याच्यासकट पाठवलं. ती बराच वेळ माझा हात धरून होती.

आता आमच्या मंडळीतून एक तरुण जोडपं तिकडे निघालंय. परवा ती मुलगी घरी आली आणि म्हणाली, "मावशी, देवाचा आवाज कसा ओळखायचा?" मी माझी वही तिच्या हातात दिली, "कोणी भेटलं नाही" लिहिलेल्या पानांसकट. एप्रिलचं ते पान तिने दोनदा वाचलं. मग मी भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं आणि तिला आधी तेच शिकवलं. सकाळचे सात, सा मोजा, म्हणजे एक. आठ, सा म्बिली. सा न्नेपर्यंत तिने न चुकता म्हटलं, आणि आम्ही प्रार्थनेला बसलो.