जानेवारीचे मीटर आणि दोन सेल

कन्सेप्ट२ कंपनीच्या रोइंग मशीनवर वल्हवणाऱ्यांसाठी दर जानेवारीत, १ ते ३१ तारखेपर्यंत, आभासी सांघिक आव्हान असते. प्रत्येकाने आपापल्या गावी वल्हवायचे, अंतर ऑनलाइन लॉगबुकमध्ये नोंदवायचे आणि सर्वांचे मीटर संघाच्या नावावर जमा होतात. खाते उघडून संघात दाखल होण्यात सांगण्यासारखे काहीच नाही. मी अडकले ते आमच्या सोसायटीच्या कार्यालयात, आणि तो राग अजून पुरता ओसरलेला नाही.

क्लबहाऊसमधील मशीनच्या मॉनिटरचे सेल संपलेले होते. वल्हवताना चाकाच्या फिरण्यातून मॉनिटरला वीज मिळते, त्यामुळे तेवढा वेळ आकडे दिसत. हात थांबला की पडदा काळा होई आणि घाम गाळून मिळवलेले अंतर फोनमधील अंतर नोंदवणाऱ्या अर्गडेटा ॲपपर्यंत पोहोचतच नसे. लॉगबुकमध्ये आकडा हातानेही भरता येतो. परंतु मॉनिटरच्या फोटोशिवाय कोणाचेही मीटर धरायचे नाहीत, असा आमच्या संघप्रमुख ताईंचा दंडक होता, आणि तो मला आजही योग्यच वाटतो.

हवे होते फक्त टॉर्चमध्ये घालतात तसले दोन मोठे, डी आकाराचे सेल. कार्यालयाने त्यासाठी लेखी अर्ज मागितला. अर्ज दिल्यावर विषय कार्यकारिणीच्या सभेपुढे जाईल असे कळले, आणि सभा झाल्यावर दोन दुकानांची दरपत्रके जोडा असे सांगण्यात आले. मी स्वखर्चाने सेल आणते म्हटले, तर सोसायटीच्या मालमत्तेत सभासदाने परस्पर काही बसवायचे नाही, हे उत्तर तयारच होते. वर सेक्रेटरी काकांनी विचारले, "ऑलिंपिकला जायचंय की काय तुम्हाला?" मी म्हटले, "काका, २०१६ साली रिओला आपल्या चांदवड तालुक्यातला रोइंगपटू दत्तू भोकनळ जाऊन आला. मला फक्त दोन सेल हवे आहेत."

तोवर शेजारचा एक शाळकरी मुलगा कामी आला. ठरलेले अंतर पूर्ण झाले की मी हळूहळू ओढत राही आणि तो चटकन फोटो काढी. मॉनिटर असाच रुसला असेल, तर ही युक्ती अवश्य करावी. नवख्यांनी चाकाच्या बाजूचा, ओढ हलकी-जड करणारा खटका १० वर नेण्याचा मोह टाळावा. ३ ते ५ च्या दरम्यान ठेवून जोर पायांनी लावल्यास कंबर शाबूत राहते. ५०० मीटरला अडीच मिनिटे हा वेग धरला, तर ५,००० मीटर पंचवीस मिनिटांत होतात, म्हणजे ऑफिसला निघण्यापूर्वी ते सहज जमते. संघात कोणी याच कंपनीची सायकल चालवणार असेल, तर तिचे मीटर निम्मेच धरले जातात, हे आधीच सांगून ठेवावे. आमच्याकडे त्यावरून विनाकारण रुसवेफुगवे झाले.

सेल अखेर आले, महिना सरत आल्यावर. बसवायला रखवालदाराला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या संध्याकाळी वल्हवून झाल्यावरही पडदा उजळ राहिला आणि अंतर आपोआप फोनवर उतरले, तेव्हा मी तो आकडा मुद्दाम कार्यालयात नेऊन दाखवला. पुढच्या जानेवारीसाठीचा अर्ज मी डिसेंबरच्या सभेआधीच देणार आहे, दोन्ही दरपत्रके जोडून.