हिरवळीखालची गिट्टी

इंदूरच्या काळ्या मातीचे वर्षात दोन अवतार. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की कुत्र्याचा चेंडू आत जाऊन बसतो. जुलैत तीच माती चार पंजांना चिकटून थेट दिवाणखान्यातल्या कोटा फरशीवर येते. मग रामबाग असो की सुदामानगर, मागच्या अंगणात प्लास्टिकचं गवत घालायचा विषय निघतोच. दुकानदार वीतभर नमुना हातावर ठेवतो. हात फिरवला की मऊ लागतो, हिरवागार दिसतो, आणि निम्मा सौदा तिथेच होतो.

तो तुकडा आधी उलटा करावा. ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांच्यासाठी या मालाची खरी बाजू मागचीच. पाठीला लॅटेक्सचा लेप असेल तर तो शू शोषत राहतो आणि पुढे धाग्यांची पकड सोडतो. पॉलियुरेथेनचा लेप महाग पडतो, पण पाणी पीत नाही. नमुन्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावं, भोकांतून झरझर उतरतंय की वर तळं साचतंय. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली तर पडू द्यावी. पात्याची उंची २५ ते ३० मिलिमीटर पुरे. ५० मिलिमीटरचं गवत फोटोत झकास दिसतं, पण त्यात रुतलेली शी काढताना फोटो काढावासा वाटत नाही. धागा पॉलिथिलीनचा बरा. पॉलिप्रोपिलीन राठ असतं आणि लवकर चपटं होतं, तर नायलॉन दणकट खरा, पण ओल धरतो.

मुळात हा माल कुत्र्यांसाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये छताच्या काचांमधून येणाऱ्या झगमगाटात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून काचा रंगवल्या. ऊन अडलं तसं खालचं गवत मेलं, आणि १९६६ साली तिथे प्लास्टिक अंथरलं गेलं. बेसबॉलचे खेळाडू मैदानात काहीही करत असतील, दिवसातून पाच वेळा एकाच कोपऱ्यात पाय वर करत नाहीत. मातीत शू पडली की युरियाचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि गवत ते खाऊन टाकतं. प्लास्टिकवर ही साखळी अमोनियापाशीच तुटते. पुढचं खाणारं कोणी नसतं, म्हणून वास.

त्यामुळे खर्च दिसणाऱ्या हिरवळीवर कमी आणि न दिसणाऱ्या थरांवर जास्त करावा. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि ओली झाली की पाणी जवळजवळ सोडतच नाही. तिच्यावर थेट गवत अंथरलं तर पहिल्याच श्रावणात अंगणाला उंचवटे येतात. १० बाय १५ फुटांच्या अंगणासाठी ९ इंच माती काढावी. तळाशी ५ इंच मुरूम, दोन थरांत, पाणी मारून धुम्मसाने कुटलेला. त्यावर जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे थर वेगळे ठेवून पाणी झिरपू देणारं जाड कापड, मग ३ इंच २० मिलिमीटरची गिट्टी, म्हणजे खडी (साधारण ४० घनफूट) आणि वर इंचभर बारीक गिट्टी. ठेकेदार इथे चुरी, म्हणजे दगडाची भुकटी, टाकायचा आग्रह धरेल, कारण चुरीने पातळी सुरेख येते. पण तिची पूड दबून घट्ट बसते आणि शू धरून ठेवते. इथे नाही म्हणायचं. उतार १० फुटांना २ इंच, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासलेला, आणि खालच्या टोकाला जाळीची नाली. ही नाली चुकूनही पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरण खड्ड्याला जोडू नये, नाहीतर तीच शू बोरिंगच्या पाण्याला भेटायला जाईल.

२ मीटर रुंदीच्या रोलमधून १० फुटी अंगणाला दोन पट्टे लागतात, म्हणजे जवळपास १९५ चौरस फूट माल आणि मधोमध एक सांधा. कुत्र्याला सांधा शोधून काढायची उपजत विद्या असते. ४ मीटरचा रोल मिळाला तर तोच घ्यावा. कडा दर ४ इंचांवर खिळ्यांनी प्लास्टिकच्या पट्टीत ठोकाव्या. लाकडी पट्टी वाळवीला आमंत्रण. पात्यांमध्ये भरायला झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे, चौरस फुटाला अर्धा किलो. ते अमोनिया धरून ठेवतं, साधी वाळू नुसतं वजन देते. रबराचा भुगा मात्र नको, तो तापतो आणि पिल्लं तो खातात.

पाणी वाचेल हा हिशेबही जरा जपूनच करावा. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येणाऱ्या घरात लॉनचं पाणी वाचतं खरं, पण शूच्या जागेवर रोज बादलीभर ओतावं लागतंच. आठवड्यातून एकदा एन्झाइमवाला क्लीनर. ब्लीच अजिबात नको, कारण अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. आणि आपल्या घरोघरचं फिनाईल मांजरांना बाधतं. फिनॉलसारख्या द्रव्यांचं विष त्यांच्या यकृताला नीट उतरवता येत नाही, आणि मांजर पंजे चाटल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्याला उपाय आहेत. उन्हाला नाही. मेमधल्या दुपारी पारा ४२ वर असताना हे गवत ६० अंशांच्या पुढे तापतं. हाताची पालथी बाजू टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही, तर पंजालाही ते सोसणार नाही. पाणी मारलं की निवतं, पण तेवढ्यापुरतंच. ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी वर बांधा किंवा सरळ पूर्वेकडची, दुपारनंतर सावली पडणारी बाजू निवडा. माळव्याच्या रात्रीची कीर्ती मोठी, आणि पातळ प्लास्टिक सूर्य मावळल्यावर लवकर गार होतं, तेवढा दिलासा. दिवाळीत अनार या गवतावर लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगावं, कारण एका ठिणगीचं भोक कायमचं. रंगपंचमीला रंगलेल्या कुत्र्याला गेरीहून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीहून, आल्याबरोबर इथे लोळू देऊ नये, एवढंच.

पूर्ण अंगण झाकायचा मोह मात्र आवरावा. भिंतीलगत ३ फुटांचा पट्टा खऱ्या हरळीसाठी सोडावा. कुत्र्यांना गवत चघळायची खोड असते, आणि हरळी नसेल तर ती प्लास्टिकची पाती उपटतात. हरळीवर शूचे पिवळे डाग पडतील, भोवती गडद हिरवी कड येईल. तो नायट्रोजनचा अतिरेक, पाणी लगेच ओतलं तर बरेच डाग टळतात. गणपतीच्या दूर्वा त्या पट्ट्यातल्या घ्यायच्या नाहीत, हे सांगायला नकोच. त्यांच्यासाठी एक वेगळी कुंडी, अडीच फुटी ओट्यावर ठेवलेली. लॅब्रॅडॉर असेल तर तीन फुटी.