लघुप्रबंधातली उच्चारचिन्हं छापून घेताना

एम.ए. इंग्रजीचा लघुप्रबंध उच्चारांवर करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. विषय, मार्गदर्शक, मुलांच्या वाचनाचं रेकॉर्डिंग, सगळं वेळेत झालं. अडलं ते सोलापुरात नवी पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात.

समास नीट बसवायचे म्हणून त्यांनी माझा मजकूर पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. पेजमेकरला युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची प्रमाण संगणकी पद्धत) कळत नाही, त्यामुळे श्वाचा (इंग्रजीतल्या आखूड, अस्पष्ट 'अ'चा) उलटा ई, स्वराच्या लांबीची खूण, आघाताची (शब्दात जोर कुठे द्यायचा त्याची) खूण, सगळ्यांची प्रश्नचिन्हं झाली. इंग्रजीच्या ४४ ध्वनींच्या तक्त्यात २० स्वर आणि २४ व्यंजनं; स्वरांचा भाग तर वाचताच येईना. मी दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, तेवढं पेनानं काढा की वरनं." दुसऱ्या दिवशी गेले तर प्रश्नचिन्हं खोडून त्यांच्या अंदाजाने साधी इंग्रजी अक्षरं घातलेली! मला अजून राग येतो. अख्ख्या प्रबंधाचा जीव त्या चिन्हांत होता. आपण 'वेस्ट' लिहितो तेव्हा पश्चिम की बनियन, ते देवनागरीत कळत नाही. एकात ओठांचा गोल होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठीत दोन्हीला एकच व, म्हणून तर आमची मुलं तिथे अडखळतात, आणि नेमकं तेच मला दाखवायचं होतं.

शेवटी फाइल परत घेतली. समास वर्डमध्येच लावले, डूलोस (Doulos SIL) हा उच्चारचिन्हं असलेला फाँट टाकला (तो फुकट मिळतो), घरीच पीडीएफ केली आणि दुसऱ्या दुकानात थेट त्यावरून प्रिंट काढली. एकही चिन्ह हललं नाही. तक्ता हातात आला तेव्हा फार बरं वाटलं.

पीडीएफ करताना फाँट आत एम्बेड झालाय का, ते आधी बघा. श्वासाठी वर्डमध्ये ०२५९ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबायचं. हो, लांबीची खूण म्हणजे कोलन नव्हे, दोन छोटे त्रिकोण असतात. आघाताची खूणही अवतरणचिन्हाने भागवू नका. ती शब्दाच्या ज्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर असतो त्याच्या आधी, वरच्या बाजूला येते. परीक्षक हे बघतात.

आणि बाइंडिंगला देण्याआधी तक्त्याचं पान तेवढं वेगळं छापून मार्गदर्शकांना दाखवा.