तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या रिव्हॉल्व्हरची नक्कल घ्यायची तर कुठली?

इथे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती संपली की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं. ऑफिसातही विचारतात. "तुम्ही ते काउबॉय नेमबाजीला जाता ना? मलाही तसलं जुन्या घाटाचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. कोल्टचं परवडत नाही. नक्कल घ्यायची तर कुठली घेऊ?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत मला याचं उत्तर कधीच देता आलेलं नाही, म्हणून आज बसून लिहिते.

आधी त्या 'नक्कल' शब्दाबद्दल. आपल्याकडे नक्कल म्हटलं की जत्रेतली टिकल्यांची बंदूक डोळ्यांसमोर येते. ही नक्कल तशी नाही. पोलादाची आहे, किलोभर वजनाची आहे आणि तिच्यातून खरी गोळी सुटते. नक्कल एवढ्याच अर्थानं की मूळ वस्तू कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डची, कोल्ट कारखान्याची. 1873 साली अमेरिकी घोडदळानं स्वीकारलेलं 'सिंगल ॲक्शन आर्मी'. दर वेळी अंगठ्यानं घोडा, म्हणजे वरचा छोटा हातोडा, मागे ओढायचा, मग बोटानं चाप दाबायचा. चापाचं काम एकच, घोडा सोडणं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टनं हे बनवणं थांबवलं आणि 1956 मध्ये पुन्हा सुरू केलं, कारण घरोघरी टीव्हीवर काउबॉय दिसू लागले होते आणि लोक दुकानात जाऊन हेच मागत होते.

इटलीत ब्रेशा शहराजवळ वाल त्रोंपिया हे खोरं म्हणजे बंदूक बनवणाऱ्यांचा मुलूख आहे. शेकडो वर्षं तिथं हाच धंदा चालतो. अमेरिकी यादवी युद्धाची शंभरी 1961 मध्ये येणार, लोकांना त्या काळची हत्यारं हवी होणार, हे ओळखून तिथल्या कारागिरांनी आधी टोपीवर उडणाऱ्या (काडतूस नाही, सुटी दारू आणि गोळी भरून छोट्या स्फोटक टोपीनं पेटवायची) जुन्या कोल्टच्या प्रतिकृती केल्या. आल्दो उबेर्ती यांनी 1959 मध्ये आपला कारखाना काढला. पुढे 1873 चं रिव्हॉल्व्हरही तिथं होऊ लागलं. आज आमच्या मैदानावर ज्यांच्या कमरेला खरं कोल्ट नाही त्यांच्याकडे बहुधा उबेर्ती, पिएत्ता किंवा अमेरिकी रुगर असतं. दुकानात डब्यावर सिमारॉन किंवा टेलर्स असं नाव दिसेल, ते आयात करणारे. आतला माल इटलीचाच.

आता मुद्द्याचं. लोक आधी रंग विचारतात, मग नळीची लांबी. मी आधी विचारते, घोड्याखाली काय आहे?

जुन्या रचनेत घोडा सावकाश मागे ओढला की चार वेळा 'कट्' असा आवाज येतो. पहिला सुरक्षेच्या खाचेचा, ती घोड्याला किंचित मागे धरून ठेवते. दुसऱ्या आवाजाला घोडा अर्ध्यावर येतो, तिथे सिलिंडर, म्हणजे काडतुसांची सहा घरं असलेला गोल भाग, मोकळा फिरतो आणि उजव्या बाजूचं छोटं दार उघडून काडतुसं भरता येतात. तिसरा आवाज सिलिंडरला जागेवर धरणारा खटका वर येतो त्याचा. चौथ्याला घोडा पूर्ण ताणला जातो. मला हा आवाज फार प्रिय आहे. पण याच रचनेत एक धोका आहे. काडतुसाच्या बुडावर आपटून ते उडवणारी टोचणी थेट घोड्यावर बसवलेली असते. घोडा खाली टेकलेला असेल आणि त्याच्यासमोर भरलेलं काडतूस असेल, तर ती टोचणी काडतुसाच्या बुडालाच टेकून राहते. रिव्हॉल्व्हर हातातून पडून घोड्यावर आपटलं तर चापाला हात न लावता गोळी सुटते. सुरक्षेची खाच आहे, पण तिचा ओठ बारीक असतो, दणक्यानं तुटतो.

हे कागदावरचं भय नाही. जानेवारी 1876 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा गावात वायट अर्प, जो पुढे एवढा नावाजला आणि तेव्हा तिथल्या पोलिसात होता, एका सलूनच्या मागच्या खोलीत बसला होता. रिव्हॉल्व्हर त्याच्या म्यानातून निसटलं, घोडा खुर्चीवर आदळला. गोळी त्याच्या कोटातून गेली आणि भिंतीवर आपटून छतातून बाहेर पडली. माणसं वाचली. रोज शस्त्र बाळगणाऱ्याच्या हातून हे झालं, मग रविवारी हौसेनं उचलणाऱ्या आपली काय कथा!

म्हणून सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरतात. एक भरायचं, एक घर सोडायचं, पुढची चार भरायची, मग घोडा पूर्ण ताणून अंगठ्यानं धरून अलगद खाली सोडायचा. तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. आधी रिकाम्या, निर्जीव काडतुसांवर हे महिनाभर करा. मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून केलेलं आहे.

रुगरनं 1973 मध्ये ही अडचण मुळातून सोडवली. घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक पट्टी येते, ती फक्त चाप ओढलेला असतानाच. चाप सोडला की ती खाली जाते आणि घोडा टोचणीपर्यंत पोचत नाही. आधी विकलेल्या रिव्हॉल्व्हरनाही ही दुरुस्ती ते फुकट करून देतात, याचं मला कौतुक वाटतं. आतल्या स्प्रिंगाही वेटोळ्याच्या, जुन्या चपट्या स्प्रिंगेसारख्या सहसा मोडत नाहीत. पण रुगरला अर्धा घोडा नाही. दार उघडलं की सिलिंडर सुटतो, आणि ते चार आवाजही नाहीत. उबेर्तीनं अलीकडे वेगळा मार्ग काढला. टोचणी घोड्यातच ठेवली, पण चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाहेर येत नाही. तुम्हाला जर एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचं असेल आणि घरात दुसरं कोणी ते हाताळण्याची शक्यता असेल, तर रुगर घ्या, मी दुसरं काही सुचवणार नाही. 1873 चा माणूस जे करायचा तेच आपल्या अंगठ्याला करायचं असेल, तर इटलीचं घ्या. दोन्हींत पाचच भरा. आमच्या खेळाचा नियमही तोच आहे, पट्टी असो वा नसो.

यानंतर हात. या रिव्हॉल्व्हरच्या मुठीला इथले लोक नांगराची मूठ म्हणतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सांगोल्याच्या शेतातलं आजोबांच्या नांगराचं रुमणं आठवलं, आणि खरंच तो बाक तसाच आहे. गोळी सुटली की मूठ तळहातात वरच्या बाजूला थोडी घरंगळते, धक्का मनगटात न जाता त्या फिरण्यात जिरतो, आणि घोडा आपोआप अंगठ्याच्या जवळ येतो. त्यामुळे मूठ गच्च आवळून धरू नका. करंगळीला जागा मिळत नाही म्हणून घाबरूही नका, बरेच जण ती मुठीखाली दुमडतात. माझा हात लहान आहे, मला हा आकार जसाच्या तसा बसतो. पंजा मोठा असेल तर 1860 च्या आर्मी नमुन्याची लांब मूठ लावलेली मिळते, ती धरून बघा.

नळ्या तीन लांबीच्या: पावणेपाच, साडेपाच आणि घोडदळाची साडेसात इंच. साडेसात दिसते सुंदर, पण माझ्या उंचीला म्यानातून काढताना कोपर खांद्यापर्यंत न्यावं लागतं. मी पावणेपाच वापरते.

काडतुसाचं गणित मात्र नीट समजून घ्या. पॉइंट 45 कोल्ट हे मूळचं, त्याची मजा वेगळीच. 44-40 हे दुसरं जुनं काडतूस घेणाऱ्यांचं कारण मला आवडतं: विंचेस्टरची 1873 ची रायफल त्याच काडतुसावर चालायची, एकाच पट्ट्यातून दोन्ही भरायची. पॉइंट 45 साठी त्या काळी तशी रायफलच नव्हती. पण 44-40 च्या पितळी टरफलाचं तोंड पातळ असतं, घरी पुन्हा भरताना चुरगळतं. नव्या माणसाला मी पॉइंट 357 चं सांगते, कारण त्यात 38 स्पेशलची सौम्य, स्वस्त काडतुसं चालतात. आणि गंमत बघा, गोळी लहान असूनही हे रिव्हॉल्व्हर पॉइंट 45 पेक्षा जड भरतं. बाहेरचा आकार तोच, भोकं मात्र लहान, म्हणजे पोलाद जास्त उरलं. ते वजनच धक्का खातं.

माझी पहिली जोडी (आमच्या खेळात दोन लागतात) मी फोटोतल्या रंगांवर भाळून न हाताळता मागवली. कुठल्या कारखान्याची ते सांगत नाही. तिसऱ्याच स्पर्धेत एकाची, सिलिंडर जिच्यावर फिरतो ती मधली दांडी धक्क्यानं पुढे सरकली आणि सिलिंडर मध्येच अडकला. दुसऱ्यात खटका लवकर वर यायचा, त्यामुळे सिलिंडरभोवती चरा उमटून बांगडीसारखी रेघ पडली. मला फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून दुकानात मी वेळ घेते. परवानगी विचारते, सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासते. मग घोडा अगदी हळू ओढते. पूर्ण ताणला जाण्याच्या आत सिलिंडर खाचेत बसायला हवा. ताणलेला असताना सिलिंडर बोटांनी हलवून बघते, किंचित खेळ चालतो, खडखड चालत नाही. मधली दांडी ओढून बघते. वापरलेलं असेल तर ती बांगडी शोधते. चौकटीवरचे ढगांसारखे निळे-तपकिरी रंग सगळ्यात शेवटी बघते, उन्हानं ते तसेही फिकट होतात.

इथल्या, अमेरिकेच्या कायद्यात मात्र नक्कल वगैरे काही नाही. काडतुसाचं रिव्हॉल्व्हर म्हणजे पूर्ण शस्त्र, परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊनच. टोपीवर उडणाऱ्या प्रतिकृतींना केंद्राचा कायदा शस्त्र मानत नाही, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांची शिशाची गोळी तितकीच जीव घेते. घरी तिजोरी आधी घ्या, रिव्हॉल्व्हर नंतर.

आणि पैसे देण्याआधी एकदा शनिवारी सकाळी मैदानावर या. माझ्याकडे पावणेपाचची दोन आहेत, शेजारच्या आजोबांकडे रुगर आहे, एका बाईंकडे साडेसात इंची 44-40 आहे. ते आनंदानं हातात देतात. चष्मा आणि कानाला लावायचं माझ्याकडे जादाचं आहे. सकाळी आठला येते मी, ऊन चढायच्या आत.