शॉटवही: ‘व्हाइट शॅडोज’ पूर्ण, ‘टॅबू’ला सुरुवात

‘व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज’ची शॉटवही, म्हणजे चित्रपटाच्या एकेका शॉटच्या नोंदींची वही, पूर्ण झाली. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा १९२८चा चित्रपट, दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक, चित्रीकरण थेट पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर. दारूच्या आहारी गेलेला डॉक्टर लॉइड मोत्यांसाठी पाणबुड्यांना राबवणाऱ्या सेबॅस्टियनला नडतो. सेबॅस्टियन त्याला कपटाने साथ पसरलेल्या जहाजावर चढवून समुद्रात सोडून देतो. जहाज फुटतं, डॉक्टर एका अनोळखी बेटाला लागतो आणि तिथे त्याला बेटावरची तरुणी फायावे भेटते.

प्रेमकथा सुंदर आहे, पण माझी पानं भरली ती मोत्यांच्या भागाने. तिथले पाणबुडे खरोखर एका दमात खोल जात. दिवसभर पुन्हा पुन्हा बुडी मारल्याने रक्तात नायट्रोजन साठतो. मग चक्कर, लकवा, कधी मृत्यू. पॅसिफिकमधल्याच तुआमोतू बेटांवर या दुखण्याला तारावाना म्हणतात. हे ठाऊक असलं की डॉक्टरचा संताप नाटकी वाटत नाही. आणि म्हणूनच पुढे तोच डॉक्टर मोत्यांच्या लोभाने गलबतांना बोलवायला जाळ पेटवतो, तेव्हा पोटात गोळा येतो. माझ्या मते चित्रपटाचा कणा हाच प्रसंग.

प्रकाशाच्या रकान्यात मी प्रत्येक शॉट थांबवून सावली कुठल्या बाजूला आणि किती लांब, ते लिहितो. माडाच्या काळ्या खोडापलीकडे चकाकणारं पाणी दिसलं की छायाचित्रकार क्लाइड डी विना उन्हाची किती वाट बघत असेल, हे जाणवतं. छायाचित्रणाचं ऑस्कर त्याला मिळालं ते उगाच नाही. आवाजाच्या नोंदी थोडक्यात आटपल्या: संवाद जवळपास नाहीतच, संगीत आणि ध्वनिपरिणाम मात्र ध्वनिमुद्रित. एमजीएमच्या बोधचिन्हातला सिंह पहिल्यांदा ऐकू आला तो याच चित्रपटात.

आता मुर्नाऊचा १९३१चा ‘टॅबू’. माहितीपटकार रॉबर्ट फ्लाहर्टी दोन्हीकडे होता; पहिला त्याने अर्धवट सोडला, दुसऱ्यात दिग्दर्शन मुर्नाऊकडे गेलं. छायाचित्रणाचं ऑस्कर इथेही, या वेळी फ्लॉइड क्रॉस्बीला. नायक मताही पाणबुड्या आहे. पैशाचा व्यवहार न कळल्याने तो कर्जात अडकतो आणि शार्कच्या पहाऱ्यातल्या निषिद्ध पाण्यात मोत्यासाठी उतरतो. ‘व्हाइट शॅडोज’मधल्या बुड्यांशेजारी हीच बुडी शॉटगणिक मांडायची आहे. कर्जाच्या चिठ्ठ्यांचे शॉट आधी लिहून घेतोय, कारण त्याला पाण्यात ढकलतात त्याच.