डोळा किती पुढे आलाय: हर्टेलने मोजताना

थायरॉइडच्या आजारात डोळे पुढे येऊ शकतात. म्हणून इंदूरच्या आमच्या ओपीडीत असा पेशंट आला की मी हर्टेलने, म्हणजे डोळा किती पुढे आलाय ते मोजायच्या यंत्राने, मोजून केसपेपरवर तीन आकडे लिहिते. उदाहरणार्थ उजवा 18, डावा 21, बेस 102. पहिले दोन सांगतात की कॉर्नियाचा (डोळ्यासमोरच्या पारदर्शक पडद्याचा) माथा डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या हाडाच्या कडेपासून किती मिलिमीटर पुढे आहे. तिसरा, म्हणजे यंत्राच्या दोन टेकणाऱ्या खाचांमधलं अंतर, बऱ्याच जुन्या कागदांवर नसतोच, आणि तो नसला तर पुढच्या वेळी आधीचे दोन जवळजवळ निकामी ठरतात.

चष्मा काढून पेशंटला समोर बसवायचं, दोघांचे डोळे एका उंचीवर. कानशिलाकडची हाडाची कड आधी बोटाने चाचपते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी ती जिथे सर्वांत खोल लागते, तिथे हर्टेलची खाच बसते. एक खाच पट्टीला पक्की असते, दुसरी सरकते. दोन्ही टेकल्या की पट्टीवर दिसतो तो बेस. पुढच्या तपासणीत यंत्र आधी त्याच बेसवर लावते आणि मगच चेहऱ्याला टेकवते.

“काकू, उजव्या डोळ्याने माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा.” माझा उजवा मिटलेला. यंत्राच्या आरशात कॉर्निया बाजूने दिसतो, सोबत मिलिमीटरची पट्टी. लाल खुणा एकावर एक येईपर्यंत मी डोकं हळू सरकवते, त्याआधी वाचलेला आकडा बाद. डाव्या डोळ्यासाठी सगळं उलट, पण यंत्र जागचं हलवायचं नाही.

चुकतं ते बहुधा हातामुळे. जोर दिला की मऊ भाग दबून खाच मागे सरकते आणि डोळा उगाच जास्त पुढे वाचला जातो. पट्टी तिरपी धरली तर एक बाजू वाढते, दुसरी घटते. डोळा तिरळा असेल तर दुसरा झाकून तो सरळ आणते, मग वाचते. शक्यतो दर वेळी एकाच व्यक्तीने मोजावं. एका मिलिमीटरच्या फरकावर मी काहीच ठरवत नाही.

पुस्तकांत 12 ते 21 सर्वसाधारण धरतात, पण हा पट्टा वंशानुसार बदलतो. दोन डोळ्यांत 2 पेक्षा जास्त फरक, किंवा काही आठवड्यांत त्याच डोळ्यात 2 ने वाढ, हे मात्र डॉक्टरांपर्यंत जायलाच हवं. नजर अंधुक किंवा रंग फिके वाटत असतील तर त्याच दिवशी, आकड्याची वाट न बघता.

रामबागेतून येणाऱ्या काकूंची तक्रार “डोळे मोठे दिसतात” अशीच असते, आणि पुष्कळदा हर्टेलचा आकडा ठीक निघतो. तेव्हा वरची पापणी मागे ओढलेली असते, नाहीतर मोठ्या मायनस नंबरचा लांबट डोळा असतो. अशा वेळी लायसन्सवरचा जुना फोटो तुलनेसाठी फार कामाला येतो.

बाहेरची कड फ्रॅक्चरने सरकली असेल किंवा ऑपरेशनमध्ये काढली असेल, तर हर्टेलला टेकायला जागाच उरत नाही. तिथे वरच्या-खालच्या कडांवर टेकणारं नॉगल हे दुसरं मोजयंत्र किंवा सीटी स्कॅन.