हॅलोविनला या वर्षी आपला सिनेमा
आज ऑफिसवरून येताना आख्ख्या गल्लीत कोरलेले भोपळे दिसले आणि ठरवूनच टाकलं, यंदा आपला मराठी हॉरर लावायचा. इथले मित्र दरवर्षी १९७८ चा 'हॅलोविन' बघतात, भारीच आहे तो, पण मला आतून हलवलं ते 'लपाछपी'ने. २०१७ ला थेटरात बघितलेला, चहूबाजूंनी उंच ऊस, त्यात अडकलेली गरोदर बाई, आणि मुलगी नको म्हणून माणसं काय काय करतात ते तर भुतापेक्षा भयानक, अजून उसाच्या शेतात एकटी जात नाही मी. हिंदीतला 'तुंबाड' पण बघायला काढलेला, पण तो खऱ्या पावसात शूट झालाय, तो आषाढातच बघायचा बाबा! रूममेटने विचारलं सबटायटल्स आहेत ना? आहेत गं. शुक्रवारी लाईट बंद करून बसतोय. कोणी येताय का?